कार्पेटखालचं रीमू

ऑकलंडच्या सँड्रिंगहॅममध्ये भारतीय दुकानांतून कढीपत्ता आणि पोह्यांची पिशवी घेऊन आजूबाजूच्या गल्ल्यांत शिरलं, की 1920च्या दशकातले लाकडी बंगले ओळीनं लागतात. असं घर घेणाऱ्या मराठी कुटुंबाला पहिला प्रश्न पडतो तो पायाखालच्या जमिनीचा. भिंतीपासून भिंतीपर्यंत जुनं कार्पेट, त्यात मुरलेली धूळ, पावसाळी हवेत येणारा कुबट वास. मग शोरूमच्या फेऱ्या सुरू होतात, ओकच्या पट्ट्यांचे नमुने घरी येतात. त्याआधी पाच मिनिटांचं एक काम करायला हवं. भिंतीतल्या कपाटात शिरून कार्पेटचा कोपरा पक्कडीनं उचलावा आणि खाली बॅटरी मारून पाहावं.

खाली बऱ्याचदा रीमू किंवा मटाई या न्यूझीलंडच्या देशी झाडांचं लाकूड निघतं. घर आणखी जुनं आणि उत्तरेकडचं असेल तर कौरी. एकमेकींत खाच आणि जीभ अडकवून ठोकलेल्या फळ्या, वर डिंकाचे आणि रंगाचे डाग, कडेला कार्पेटच्या खिळ्यांच्या रांगा. दिसायला गरीब, पण हे लाकूड शेकडो वर्षं वाढलेल्या झाडांचं आहे.

न्यूझीलंडनं आपली घरं याच लाकडांवर उभी केली. वेलिंग्टनची सरकारी कचेरी 1876 मध्ये पुरी झाली. लांबून दगडी वाटावी अशी घडवलेली ती इमारत मुख्यतः कौरीची आहे, आज तिथे कायद्याचं महाविद्यालय भरतं. सरकारी घरांच्या योजनेतलं पहिलं घर 1937 मध्ये वेलिंग्टनच्या मिरामारमध्ये तयार झालं, तेव्हा पंतप्रधान मायकेल जोसेफ सॅव्हेज यांनी स्वतः जेवणाचं टेबल उचलून आत नेलं होतं. पुढच्या काळात बांधलेल्या हजारो साध्या सरकारी घरांतही मजुरांच्या, कारकुनांच्या पायाखाली रीमू-मटाईच आलं. मग विनाइल आणि कार्पेटची लाट आली आणि सगळं झाकलं गेलं.

आता ते लाकूड नव्यानं मिळणं अवघड आहे. 1993 च्या वनकायद्यातल्या दुरुस्तीनं देशी जंगलाची तोड मंजूर योजनेपुरती बांधून टाकली. 2000 च्या कायद्यानं दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सरकारी जंगलातलं रीमू तोडणंही थांबवायचं ठरवलं. थांबायलाच हवं होतं. त्यामुळे जुनं रीमू हवं असेल तर ते मुख्यतः पाडलेल्या घरांतून येतं. 2011 च्या भूकंपानंतर क्राइस्टचर्चमध्ये हजारो घरं पाडली गेली, त्यांतलं कितीतरी लाकूड कचऱ्यात गेलं. त्याच शहरात न्यू ब्रायटनमधलं एक घर हातानं सुटं केलं गेलं, त्याच्या फळी-खिळ्यापासून कारागिरांनी शेकडो वस्तू घडवल्या आणि त्या 2015 मध्ये कँटरबरी म्युझियममध्ये मांडल्या गेल्या. कार्पेटखालच्या जमिनीकडे त्याच नजरेनं पाहायला हवं.

जमीन उघडायची ठरली, तर घाई सर्वांत धोक्याची. कार्पेटखाली जुनं विनाइल असेल, विशेषतः 1960 ते 1980 च्या दशकांतलं, तर त्याच्या पाठीच्या कागदी थरात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते खरवडायचं नाही, घासायचं तर मुळीच नाही. नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यायचा आणि ॲस्बेस्टॉस निघालं तर परवानाधारक माणसाकडूनच काढून घ्यायचं. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तोही तपासावा. चार दिवस जातील, जाऊ द्यावेत.

नंतर सँडिंग. इथे एक हिशेब डोक्यात पक्का हवा: फळीच्या जिभेवर जेमतेम सहा-सात मिलिमीटर लाकूड असतं आणि मशीन एका पूर्ण सँडिंगमध्ये त्यातलं साधारण एक मिलिमीटर खातं. म्हणजे ही जमीन आयुष्यात मोजक्याच वेळा घासता येते, आणि आधीच्या मालकानं किती वेळा घासली हे कपाटातल्या किंवा हीटरच्या जाळीजवळच्या उघड्या कडेवरून कळतं. खिळ्यांची डोकी आधी लाकडात खोल बसवायची, नाहीतर पॉलिश पेपर फाटतो. मग 40 नंबरचा कागद, मग 60 किंवा 80, शेवटी 100 किंवा 120, लाकडाच्या रेषांच्या दिशेनं. भाड्याचं ड्रम मशीन सुरू असताना क्षणभर जागच्या जागी थांबलं तरी खळगा पडतो आणि तो भरायला पुन्हा सगळी जमीन खाली आणावी लागते. ज्यांचा हात बसलेला नाही त्यांनी हे काम कारागिराला द्यावं. रंगकाम स्वतः करा, भिंत माफ करते. आणि लाकडाच्या भुशाची पिशवी रात्री घरात ठेवू नये, ती आतून धुमसू शकते.

फिनिशचा निर्णय दोन गोष्टींवर घ्यावा: रंग आणि पुढची दुरुस्ती. सॉल्व्हंटचं पॉलीयुरेथिन मटाईला मधासारखी छटा देतं आणि काळानुसार आणखी पिवळं होतं. पाण्याचं पॉलीयुरेथिन लाकूड आहे तसं दाखवतं, वासही कमी. दोन्हींचा थर कडक, पण ओरखडा खोल गेला तर बहुधा सगळी खोली पुन्हा करावी लागते. तेलाची जमीन वरचेवर निगा मागते, मात्र तिचा एखादा पट्टा तेवढाच घासून पुन्हा तेल लावता येतो. जिथे मुलं, पाहुणे आणि गणपतीची गर्दी असते अशा घराला तेलच योग्य. फक्त तेलाची फडकी गोळा करून फेकायची नाहीत. जवसाच्या किंवा टंगच्या तेलानं भिजलेली फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती बाहेर पसरून पूर्ण वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत. रीमूवर ऊन पडलं की ते फिकं होतं, म्हणून सतरंजी एकाच जागी वर्षानुवर्षं ठेवली तर तिचा आकार जमिनीवर उमटतो.

जमिनीचं खरं आयुष्य मात्र खालून ठरतं. ही घरं खुंटांवर उभी असतात, फळीखाली मोकळी जागा आणि मग माती. त्या मातीतून दिवसाला 40 लिटरपर्यंत पाण्याची वाफ वर येऊ शकते. तिला वाट मिळाली नाही, तर फळ्या कडांनी वर उचलल्या जातात, बुरशी येते, पांढऱ्या लाकडात किडा भोकं पाडतो. जोत्याच्या जाळ्यांवर कुंड्या ठेवणं, बागेची माती चढवणं, नवा डेक बांधताना त्या बुजवणं, हे सगळं टाळायला हवं. मातीवर जाड पॉलिथिन अंथरलं आणि तुळयांच्या मध्ये इन्सुलेशन बसवलं, की जमीन कोरडी राहते आणि जुलैच्या थंडीत पायही गारठत नाहीत. भाड्याच्या घरांत जमिनीखालचं इन्सुलेशन, जिथे बसवता येतं तिथे, 1 जुलै 2019 पासून सक्तीचं आहे. भाडेकरूंनी ते मागावं.

आता मराठी घराचं. आपल्याकडे बादलीत फिनाइल टाकून, फडकं पिळून रोज लादी पुसली की घर स्वच्छ. शहाबादीला हे चालतं, रीमूला नाही. पाणी खाचांत उतरतं आणि फळी फुगते. वाफेचा मॉप तर त्याहून वाईट. इथे रोज मऊ झाडू, आठवड्याला जेमतेम ओलसर मॉप, बस. रांगोळी दगडाच्या भुकटीची असते आणि पायाखाली ती पॉलिश पेपरचं काम करते, तेव्हा ती पाटावर किंवा ताटात काढावी. समईखाली ताम्हन, नारळ बाहेर ओट्यावर फोडावा, हळद सांडली तर लगेच टिपावी. खुर्च्यांच्या पायांना नमद्याच्या टिकल्या. चपला बाहेर काढण्याची सवय मात्र या जमिनीच्या फारच उपयोगाची. माओरींच्या सभागृहातही लोक जोडे काढूनच आत जातात.

ऑकलंडमधल्या फ्लॅट बुशसारख्या नव्या वस्त्यांत काँक्रीटचा स्लॅब असतो, तिथे खाली काहीच दडलेलं नसतं. तिथे अनेक थरांची ओकची पट्टी किंवा साऊथलंडच्या परवान्याच्या जंगलातलं बीचचं लाकूड घ्यावं, आणि बसवण्याआधी स्लॅबची ओल मोजून घ्यावी. स्वस्त, गडद लाल क्विला लाकूड दिसलं तर ते कुठल्या जंगलातून आलं याचे कागद मागावेत.

आणि जुनं घर पाडायचं किंवा स्वयंपाकघर मोडायचं ठरलं असेल, तर ठेकेदाराशी बोलताना एक अट आधीच घाला: फळ्या कापायच्या नाहीत, खिळे काढून सुट्या करायच्या. जुनं लाकूड विकत घेणारे व्यापारी त्या उचलून नेतील.