काम थांबविण्याचा अधिकार

तेलक्षेत्रातील सेवा-कंपन्यांच्या कैवाऱ्यांची कैफियत ठरलेली असते: रिगवरची बारा तासांची पाळी कष्टाची खरी, पण तिचे वेतन किनाऱ्यावरील वेतनाहून अधिक, माणूस करारनाम्यावर राजीखुशीने सही करतो, आणि धोका दिसताच काम थांबविण्याचा अधिकार तर अगदी शेवटच्या मदतनिसालाही लेखी दिलेला आहे, मग तक्रार कसली?

वेतन अधिक असते, हे मान्य करू. परंतु कच्च्या तेलाचा भाव 2014 मध्ये पिंपाला शंभर डॉलरांवर होता तो 2016 च्या आरंभी तिसांखाली घसरला, तेव्हा सेवा-कंपन्यांनी हजारो माणसांना घरी बसविले; त्यांच्या राजीखुशीची आठवण त्या दिवशी कोणाला झाली नाही. असो. हे मुद्दे दुय्यम आहेत. खरा विचार करावयाचा तो त्या लेखी अधिकाराचा.

6 जुलै 1988 च्या रात्री उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तळावर एका पंपाची सुरक्षा-झडप दुरुस्तीसाठी काढलेली होती. त्या कामाचा परवाना दफ्तरात असूनही ही गोष्ट रात्रपाळीच्या कानी गेली नाही, पंप सुरू झाला, वायू फुटला आणि 167 माणसे दगावली, ज्यांतील बहुसंख्य कंत्राटदारांची होती. त्याहूनही विचार करण्यासारखी गोष्ट पुढची: क्षितिजावर आग दिसत असताना क्लेमोर आणि टार्टन या शेजारच्या तळांवरचे उत्पादन तत्काळ थांबले नाही, कारण ते वरिष्ठांच्या अनुमतीवाचून बंद करण्याचे धाडस तेथील अधिकाऱ्यांना झाले नाही. या दुर्घटनेची चौकशी करणाऱ्या लॉर्ड कलन यांच्या 1990 च्या अहवालात हे सारे नमूद आहे. जे कायमच्या हुद्द्यावरील अधिकाऱ्यांच्याने झाले नाही, ते महिनोन्‌महिन्यांच्या करारावर जगणाऱ्या रिगरने करावे, ही अपेक्षा भाबडी म्हणावी की धूर्त, हे वाचकांनीच ठरवावे.

कारण अशा माणसाला बडतर्फ करावेच लागत नाही. आरोपपत्र नाही, सुनावणी नाही. उत्तर समुद्रात त्याच्यावर ‘नॉट रिक्वायर्ड बॅक’ असा शेरा पडे, आणि पुढच्या खेपेच्या हेलिकॉप्टरच्या यादीत त्याचे नाव नसे. एवढ्यावर प्रकरण निकालात निघते, आणि बाकीची माणसे आपोआप शहाणी होतात.

आपल्या किनाऱ्यावर निराळे चित्र आहे, असे म्हणवत नाही. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळाचा इशारा आधीच मिळालेला असताना मुंबई हायजवळ पी-305 हा बार्ज 261 माणसांसह समुद्रातच राहिला, 17 मे रोजी नांगर तुटून बुडाला, आणि वरप्रदा या टगबोटीवरील मृतांसह 86 जण गेले. क्षेत्र सरकारी महामंडळाचे, काम एका कंत्राटदाराचे, बार्ज तिसऱ्याच्या मालकीचा. अपघातानंतर कंत्राटदाराने बोट दाखविले ते बार्जच्या कप्तानाकडे! त्यावरच्या वेल्डराने वा फिटराने वादळापूर्वी “किनाऱ्याकडे चला” असे म्हटले असते, तर त्याचे ऐकणारा नेमका कोण होता?

आक्षेपक म्हणतील, ज्याने त्याने काम थांबवायचे तर तेल निघणार कसे? एका दिवसाच्या खोळंब्याचे रिगचे भाडे काही थोडेथोडके नसते. नेमके म्हणूनच तो भार मक्तेदाराच्या देयकातून कापला जाता कामा नये. तो कापला जातो तोवर मुकादमाने माणसांना दटावावे हेच व्यवहाराला धरून होते, मग भिंतीवर फलक कितीही लावा. धोक्यापायी थांबलेल्या वेळेचे पैसे क्षेत्राच्या मालकाने द्यावेत, काम थांबविणाऱ्याचे नाव यादीतून काढण्यापूर्वी त्याच मालकापुढे लेखी कारण नोंदवून त्या माणसाची बाजू ऐकली जावी, आणि वादळात बार्ज समुद्रात ठेवण्याच्या हुकुमाखाली मालकाच्याच जबाबदार अधिकाऱ्याची सही असावी. निविदेच्या मसुद्यात ही कलमे घालण्यास नव्या कायद्याची गरज नाही. निविदा काढणाऱ्याची इच्छा पुरेशी आहे.