रजिस्टरात आडनाव लिही!

दोस्ता, तळवड्याच्या कंपनीत बोनस झाला, अंदमानला निघालास. जा की! समुद्र कुणाच्या बापाचा नाही.

हॉटेल निवडताना सगळं विचारलंस. खिडकीतून समुद्र दिसतो का, नाष्टा फुकट का. अन् रजिस्टरात आडनाव गाळणार म्हणालास. का रे?

१९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना पारशी नाव सांगून पारशी धर्मशाळेत राहावं लागलं. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन लोक आले, बाहेर काढलं. पुढं त्यांनीच घटनेचा मसुदा घडवला. कलम १५ मध्ये 'हॉटेल' शब्द नावानिशी आहे. तो शब्द तुझाय. तू मात्र अजून चोरासारखा!

ठळक अक्षरात आडनाव लिही. अन् खोली झाडणाऱ्याला पगार किती, तेही विचार. तो आपलाच असतो.

जय भीम!