तोडीची यादी सगळ्यांना का दिसत नाही?

'नियोजित अर्थव्यवस्था' म्हटलं की आपल्याकडं लोक लगेच रशिया-चीन काढतात. अहो, दौंड-शिरूरचा ऊसवाला दर हंगामात त्यातच जगतो की! लागणीची नोंद, जात, तारीख, त्यावरून क्रम, मग टोळी, गाडी, काटा. सगळं प्रोग्रामवर चालतं. सहकारात तर कागदोपत्री मालक आपणच. पण हा प्रोग्राम ठरवतो कोण आणि दिसतो कुणाला?

चिलीत १९७१ साली आयेंदे सरकारनं राष्ट्रीयीकृत कारखाने टेलेक्सनं राजधानीशी जोडायला घेतले. सायबरसिन नाव त्याचं. ऑक्टोबर १९७२ मध्ये ट्रकमालकांनी संप केला, तेव्हा माल कुठं अडलाय, कुठली गाडी मोकळी आहे हे त्या टेलेक्सवरच कळायचं. पुढच्या वर्षी लष्करानं सत्ता घेतली, खेळ खलास.

आपल्या वारणानगरला १९९८ मध्ये ७० गावं संगणकानं जोडायचा प्रकल्प झाला. पुढं मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी तिथं संगणकाऐवजी साधा मोबाईल आणि एसएमएस लावून बघितला, तर तेच काम स्वस्तात झालं. शेतकऱ्याला विचारायचं तरी काय असतं? परवाना आला का, वजन किती भरलं, खत किती उचललं.

आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. तरी तारखेसाठी चिटबॉयच्या मागं फिरायचं. गेल्या हंगामात माझ्या आडसालीला तुरा आला तरी नंबर लागेना, आणि माझ्यामागून नोंदलेला फड तुटून गेला. विचारलं तर उत्तर काय, "प्रोग्राम वरून आलाय." वरून म्हणजे कुठून? ज्याला थांबणं परवडत नाही तो पडेल भावानं गुऱ्हाळाला घालतो.

आता आपल्यालाच बोचेल असं एक. बीड-पाथर्डीहून आलेल्या कोयत्याला तर काहीच दिसत नाही. टन किती तोडले, उचल किती फिटली, सगळं मुकादमाच्या वहीत. खुशाली मागतात म्हणून आपण त्यांना शिव्या घालतो, पण त्यांचा हिशोब त्यांच्यापासूनच लपलेला असतो हे कुणी बोलत नाही. यादीत त्यांचाही फोन जोडला पाहिजे. नाहीतर ती फक्त मालकांची यादी.

संगणकानं संचालक सरळ होतील असं मी म्हणत नाही. पाटसचा भीमा बंद पडून २०२२ ला भाड्यानं गेला, न्हावऱ्याचा घोडगंगाही काही हंगाम बंद राहिला, ते काय सॉफ्टवेअर नव्हतं म्हणून नाही. सरकारनं ऊस नोंदणीचं ॲपही काढलं. पण आपली नोंद करता येणं वेगळं आणि सगळ्यांचा क्रम दिसणं वेगळं.

म्हणून मागणी साधी आहे. गटवार यादी, नोंदीच्या तारखेसह, प्रत्येक ऊसवाल्याला आणि टोळीला फोनवर दिसावी. पक्वतेसाठी क्रम बदलावा लागतो, मान्य. बदलला तर कुणी आणि कशासाठी, हे तिथंच लिहा. कारखाना सहकारी असो, खाजगी असो की भाड्याचा. ज्यांना फोन जमत नाही त्यांच्यासाठी तीच यादी चावडीवर लावा.

गाळप सुरू व्हायच्या आत हा अर्ज गट ऑफिसला द्यायचाय. सही करणार असाल तर गाव आणि गट कळवा.