फॉर्ममधली एक ओळ

मागच्या महिन्यात आईचं गर्भपिशवी काढायचं ऑपरेशन होतं. ॲडमिशनचा फॉर्म मीच भरला. 'औषधांची ॲलर्जी?' पुढे 'नाही' लिहिलं, सही ठोकली, सुटलो. रात्री तिच्या शेजारी बसून नेटवर वाचता वाचता ट्यूब पेटली. भांडी घासायचे रबरी मोजे घातले की तिचे हात लाल होतात, केळं खाल्लं की ओठ खाजतात. ते आम्ही कधी ॲलर्जीत धरलंच नव्हतं!

रबराच्या चिकातली प्रथिनं काहींना सोसत नाहीत. केळी, किवी, ॲव्होकॅडोतही त्यांच्याशी मिळतीजुळती प्रथिनं असतात. एरवी अंगावर पित्त उठून भागतं. ऑपरेशनमध्ये मात्र मोजा थेट पोटाच्या आतल्या आवरणाला लागतो. पेशंट भुलीखाली, खाज सुटली तरी सांगणार कोण? पुरळ कापडाखाली झाकलेलं. दिसतं ते एकदम कोसळलेलं ब्लडप्रेशर. संशय आधी औषधांवर जाऊ शकतो, आणि मोजे तसेच हातात राहतात.

गंमत म्हणजे (गंमत कसली!) हा प्रॉब्लेम एका चांगल्या निर्णयातून वाढला. १९८७ साली एड्समुळे अमेरिकेच्या सीडीसीने प्रत्येक पेशंटच्या रक्ताशी संबंध येताना मोजे वापरायला सांगितलं. बरोबरच होतं. पण खप वाढला, आणि मोज्यांना आतून लावलेल्या मक्याच्या पिठासोबत ती प्रथिनं हवेत उडू लागली. एक बग फिक्स करताना दुसरा घुसला. एफडीएने १९९८ मध्ये लेबल सक्तीचं केलं, पावडरचे मोजे बंद व्हायला २०१७ उजाडलं.

असो. मी सिस्टरना सांगितलं. भूलतज्ज्ञ मॅडम आल्या, दहा प्रश्न विचारले, लॅटेक्स नसलेले मोजे मागवले आणि आईचा नंबर सकाळी पहिला लावला. काही झालं नाही. कदाचित एरवीही झालं नसतं.

पण 'कदाचित'वर आईला टेबलावर झोपवायचं का? सगळे मोजे सरसकट बदला असं मी म्हणत नाही, बिनलॅटेक्सचे सर्जिकल मोजे महाग पडतात. फॉर्मवर एक ओळ वाढवा एवढंच: 'फुगा, रबरी मोजे किंवा केळ्याने खाज सुटते का?' युजरला प्रश्न अर्धवट विचारला तर उत्तरही अर्धवटच येणार. ती ओळ येईपर्यंत, मंडळी, आपणच सांगायचं. डेंटिस्टकडेसुद्धा.