मुदत संपल्यावर

गोंदियाचे प्रफुल्ल पटेल 2009, 2012 आणि 2016 असे सलग तीनदा अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष झाले. त्यांच्याच काळात, 2017 मध्ये, मुलांचा सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला. 2019 मध्ये ते फिफाच्या कौन्सिलवर निवडून गेले; तिथे पोहोचलेले ते पहिले भारतीय. धानाच्या पट्ट्यातला माणूस तिथवर गेला याचा इथल्या लोकांना अभिमान वाटला, आणि तो रास्तच होता. म्हणूनच पुढचे बोलणेही इथूनच झाले पाहिजे.

तिसरी मुदत डिसेंबर 2020 मध्ये संपली. निवडणूक मात्र झाली नाही. महासंघाच्या घटनेचा वाद सर्वोच्च न्यायालयात आहे, हे कारण देण्यात आले. वाद होता हे खरे, पण म्हणून पायउतार होऊ नका, असे कोणत्याही न्यायालयाने सांगितले नव्हते. अखेर 18 मे 2022 रोजी न्यायालयानेच कार्यकारिणी दूर करून तीन जणांची समिती नेमली. संघटनेत बाहेरच्यांनी हात घातलेला फिफाला चालत नाही. 15 ऑगस्टच्या रात्री भारतावर बंदी आली.

त्याची झळ कोणाला बसली? गोकुलम केरळच्या मुली देशाची लीग जिंकून आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचल्या होत्या. तिथेच त्यांना कळले की आता खेळता येणार नाही. त्यांचा पहिला सामना 23 ऑगस्टला होता. बंदी उठली 26 ला. या मुलींनी ना कोणाची मुदत वाढवली होती, ना कोणाची याचिका अडवली होती. वर्षभर घाम गाळून मिळवलेली संधी गेली, आणि ती त्यांना कोणी परत देऊ शकत नाही. याचा राग यायलाच हवा.

2 सप्टेंबरला महासंघाच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत माजी गोलरक्षक कल्याण चौबे यांनी बायचुंग भुतियांचा 33-1 असा पराभव केला. खेळाडू अध्यक्ष झाला, तरी घडी बसली नाही. 2023 मध्ये सरचिटणीसांना हटवण्यात आले. इंडियन सुपर लीग ज्यावर चालत होती तो 15 वर्षांचा करार डिसेंबर 2025 मध्ये संपणार हे 2010 पासून ठाऊक होते. तरी जुलै 2025 मध्ये हंगाम लटकला आणि त्यानंतर काही क्लबांनी पगार थांबवले. घटनेचा निकाल तेव्हाही बाकीच होता.

मुदत संपण्याच्या तीन महिने आधी निवडणूक अधिकारी नेमावा आणि मुदत संपताच पदाधिकाऱ्यांचा सहीचा अधिकार आपोआप संपावा, असे कलम प्रत्येक क्रीडा संघटनेच्या घटनेत हवे. गोंदियातल्या क्लबांनी ही मागणी येत्या सर्वसाधारण सभेत जिल्हा संघटनेपुढे लेखी मांडावी.