म्हातारपणाचा ताल

जपानांत उन्हाळ्यांतील 'बोन' सणास पितरांच्या स्मरणार्थ फेर धरून नाचण्याची रीत आहे. त्या फेरांत चाळीस वर्षांपूर्वींचीं लोकप्रिय गाणीं वाजलीं आणि साठी उलटलेलीं माणसें त्यांवर नाचूं लागलीं, कीं परंपराभिमानी मंडळींच्या कपाळास आठ्या पडतात.

या मंडळींस आम्ही एवढेंच विचारतों : ज्या 'तोक्यो ओन्दो'स आपण परंपरा म्हणतां, तें तरी काय होतें? १९३३ सालीं ध्वनिमुद्रिकेवरून घरोघर गेलेलें बाजारी गाणेंच ना? मग ओगिनोमे योकोच्या १९८५ सालच्या 'डान्सिंग हीरो'नेंच काय पाप केलें? नागोयाकडच्या फेरांत तें केव्हांच रुजलें आहे.

दुसरे कित्येक कनवाळू सज्जन वृद्धांपुढें बालगीतेंच ठेवतात. ही दया नव्हे, अवहेलना होय. १९७७ च्या अखेरीस 'पिंक लेडी' या गायिकाद्वयाच्या 'यूएफओ'चे हातवारे गिरवणारी दहा वर्षांची मुलगी आज साठीच्या उंबरठ्यावर आहे. तिचे गुडघे कुरकुरतील. पण ताल ती विसरलेली नाहीं. 'म्हातारपण म्हणजे दुसरें बाळपण' हें वचन तिला लावणें अन्यायाचें आहे. तिच्या पिढीस तिच्या तारुण्याचें गाणें परत द्या. पितरांसही आपल्या लेकरांचे रडके चेहरे पाहण्यापेक्षां त्यांचा नाच पाहणेंच अधिक आवडेल, असें आम्हांस वाटतें.