जुना रेग्युलेटर : स्वस्त कधी, महाग कधी?

जुन्या यंत्रांचा धंदा आपल्या व्यापारी बांधवांना नवा नाही. डिझेल इंजिनाचा आवाज ऐकून किंमत सांगणारे कारागीर आपल्यात आहेत. परंतु पाणबुडे ज्यातून श्वास घेतात त्या स्कूबा रेग्युलेटरचा सौदा असा कानावर करता येत नाही.

दासगाव सावित्रीच्या खाडीकाठी, मुंबई-गोवा रस्त्यावर. आखातातून सुट्टीवर येणाऱ्याच्या सामानात असा एखादा जुना नग आला, तर गिऱ्हाईक याच रस्त्याने खाली मालवण-तारकर्लीला आहे. तिथे स्कूबावर पर्यटनाचा धंदा चालतो. शिवाय २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडचा सावित्रीवरील पूल कोसळून एस.टी.च्या दोन गाड्या वाहून गेल्या, तेव्हा शोधासाठी नौदलाचे पाणबुडे आणावे लागले. आपल्याकडेही दोन संच असावेत असे कोणाला वाटले तर नवल नाही. (मात्र केवळ उपकरण हाती आहे म्हणून पुराच्या पाण्यात उतरू नये. ते शिकलेल्यांचे काम आहे.)

आता मालाकडे वळू. टाकीतली हवा सुमारे २०० बार दाबाची असते. रेग्युलेटरचा पहिला टप्पा ती भोवतालच्या पाण्यापेक्षा नऊ-दहा बार जास्त, एवढ्यावर आणतो आणि तोंडातला दुसरा टप्पा श्वासापुरती सोडतो. अंग पितळेचे, वर क्रोमचा मुलामा. नीट धुतलेले पितळ वीस-वीस वर्षे टिकते. मरते ते रबर आणि सीट. म्हणून आमचे मत असे, की जुना धातू खुशाल घ्यावा, जुने रबर घेऊ नये. ओ-रिंग, सीट, डायफ्रॅम नवे घालावेत, नळ्या तर डोळे झाकून बदलाव्यात.

पारख करताना पहिल्या टप्प्याच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी पाहा. हिरवट दिसली तर आत खारे पाणी गेलेले आहे, तांबूस असेल तर टाकीतला गंज आलेला आहे. मग टोपण घट्ट लावून तोंडाने हवा ओढा. हवा आली तर कुठेतरी गळती आहे. शेवटी टाकी जोडून मधला दाब गेजवर पाहा. काटा स्थिर न राहता हळूहळू चढत गेला तर सीट गेली म्हणून समजा. असा नग बिघडला की बहुधा हवा बंद होत नाही, उलट वाहत सुटते आणि टाकी काही मिनिटांत रिकामी होते. खोल पाण्यात माणसाला तेवढेच पुरे आहे.

परंतु खरा घोळ सुट्या भागांचा. प्रत्येक मॉडेलचा किट वेगळा. कंपनीने मॉडेल बंद केले की काही वर्षांत किटही मिळेनासा होतो, आणि कित्येक कंपन्या किट फक्त आपल्या शिकवलेल्या कारागिरालाच देतात. तेव्हा किंमत ठरवण्याआधी मॉडेलचे नाव घेऊन किटची चौकशी करा. नगाची किंमत, किट, मजुरी आणि कुरिअरचा जाण्यायेण्याचा खर्च यांची बेरीज साध्या नव्या नगाच्या जवळ गेली, तर नवाच घ्यावा. किट मिळत नसेल तर फुकट मिळालेला नगही आम्ही घेणार नाही.

नवा घेतला म्हणून सर्व्हिसिंग सुटत नाही. बहुतेक कंपन्या वर्षातून एकदा किंवा शंभर बुड्यांनंतर तपासणी सांगतात. त्यात आपल्या खाडीचे पाणी गढूळ. उघड्या पिस्टनमध्ये गाळ बसतो, म्हणून इकडे बंद डायफ्रॅमचाच नग बरा. वापरानंतर टोपण लावून गोड्या पाण्यात भिजवावा, आणि भिजत असताना समोरचे बटण दाबू नये, नाहीतर पाणी थेट आत जाते.

विकणाऱ्याने मालातला ऐब गिऱ्हाइकापुढे ठेवावा, ही आपल्या बाजाराची जुनी रीत. इथे शेवटची सर्व्हिस कधी झाली, काय बदलले आणि काय बदलायचे राहिले, हे पावतीवरच लिहून द्यावे. सर्व्हिसची तारीख ठाऊक नसेल, तर तसेही लिहावे आणि भाव त्या हिशेबाने कमी घ्यावा.